राणीछाप रुपयाचा खरा टंच

म्हसवडच्या बाजारात, आटपाडी-विट्याच्या सराफांच्या दुकानांत, किंवा लग्नघरात आजीचे जुने गाठोडे सुटले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. राणीछाप रुपया शंभर नंबरी चांदीचा असायचा. पुढे लढाई आली, इंग्रजाने चांदीत तांबे घातले आणि रुपया नासवला. तेव्हापासून नाण्यातले इमान गेले. सांगणारा हे इतक्या खात्रीने सांगतो की ऐकणाऱ्याला शंका विचारणेही अप्रशस्त वाटते.

मला या म्हणण्याचा प्रतिवाद करायचा आहे. त्यातले पहिले विधान चुकीचे आहे, दुसरे अर्धवट आहे, आणि तिसऱ्या निष्कर्षाची किंमत आजही आपल्याच घरातली माणसे मोजत आहेत. घरातला करदोडा, वाळे, देवाचे टाक आणि जुने रुपये ज्यांच्यासाठी अडीनडीची पुंजी आहेत, त्यांना आपल्या पुंजीत नेमके काय आहे हे माहीत असलेच पाहिजे.

हा वाद माणदेशात घालण्याला कारण आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या अवर्षणाच्या पट्ट्यातून पिढ्यान्पिढ्या माणसे बाहेर पडली आणि सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन देशभर पसरली. उत्तरेतल्या, दक्षिणेतल्या कितीतरी शहरांच्या सराफ बाजारात चांदी वितळवून तिचा टंच काढून देणारा माणूस आमच्याकडचा असतो. ज्या मुलखाने देशाला चांदीचा कस लावून दिला, त्याच मुलखात जुन्या रुपयाच्या चांदीबद्दल दंतकथा चालाव्यात, हे मला पटत नाही. मुळात नाणी आणि दागिने शुद्ध चांदीचेच होत असते, तर गलाईवाल्याची भट्टी कधी पेटलीच नसती.

आता पहिले विधान घेऊ. राणीछाप रुपया शुद्ध चांदीचा होता का? नव्हता. याचे उत्तर कोणाच्या आठवणीत शोधण्याची गरज नाही, ते कायद्यात लिहिलेले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३५ साली नाण्यांचा कायदा केला आणि आपल्या ताब्यातल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन आणि उरलेले १५ ग्रेन हलका धातू, म्हणजे मुख्यतः तांबे. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. शेकड्यात सांगायचे तर ९१.७ टक्के. शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम, आणि जवळजवळ एक ग्रॅम तांबे.

हेच प्रमाण चौथ्या विल्यमच्या रुपयाला होते, व्हिक्टोरियाच्या सर्व रुपयांना होते, सातव्या एडवर्डच्या रुपयाला होते, पाचव्या जॉर्जच्या रुपयाला होते आणि सहाव्या जॉर्जच्या १९३८ व १९३९ सालच्या रुपयांनाही होते. म्हणजे राणीछाप शुद्ध आणि राजाछाप हिणकस, ही वाटणीच मुळात चुकीची आहे. एकशे चार वर्षे रुपयातल्या चांदीचे प्रमाण हलले नाही. पाचव्या जॉर्जचा १९१८ चा रुपया आणि व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया वितळवले, आणि दोन्ही सारखेच झिजलेले असले, तर मुशीतून सारखीच चांदी निघेल. आजीच्या गाठोड्यातले राणीछाप वेगळे काढून त्यांना जास्त भाव सांगणारा आणि राजाछापांना नाक मुरडणारा, दोघेही धातूच्या बाबतीत चुकतात.

यावर लगेच प्रश्न येतो की मग इंग्रजाने पहिल्यापासूनच भेसळ केली होती का? हा प्रश्नच सगळ्या गैरसमजाचे मूळ आहे. तांबे दिसले की भेसळ, असे आपण गृहीत धरतो. शुद्ध चांदी मऊ असते. तिचे नाणे पाडले तर हातोहात फिरताना, थैलीत एकमेकांवर घासताना ते लवकर झिजते, छाप पुसट होतो, कडा बसतात. थोडे तांबे घातले की चांदी कडक होते, छाप टिकतो आणि झीज कमी होते. म्हणून जगातल्या बहुतेक टाकसाळींनी रोजच्या व्यवहाराचे नाणे निव्वळ चांदीचे पाडले नाही. इंग्लंडच्या शिलिंगात शतकानुशतके ९२.५ टक्के चांदी होती. अमेरिकेच्या चांदीच्या नाण्यांत १८३७ पासून १९६४ पर्यंत ९० टक्के होती. आपला ९१.७ टक्क्यांचा रुपया या दोहोंच्या मध्ये बसतो.

झिजेचा प्रश्न किती खरा होता हेही कायद्यातच दिसते. इंग्रजी अमलातल्या नाण्यांच्या कायद्यात अशी अट होती की रुपयाचे वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलेले असले, तर तो पूर्ण किमतीला घेण्याचे बंधन कोणावर नाही. दोन टक्के म्हणजे पाव ग्रॅमपेक्षाही कमी. एवढ्या बारीक घटीवर नाण्याचे चलन अवलंबून असेल, तर ते कडक असणे ही चैन नव्हे, गरज आहे. त्या एका ग्रॅम तांब्याने नाण्याची आणि ते वापरणाऱ्याची राखण केली.

आणखी एक प्रतिपक्ष आहे, तो अभिमानाचा. तो म्हणतो, इंग्रजांचे सोडा, आपल्या मराठी राज्यात नाणे शुद्ध होते. अभिमान मलाही आहे, पण अभिमानाने धातू बदलत नाही. मराठी राज्यात टाकसाळी सरकारच्या परवानगीने खासगी सोनार आणि सावकारही चालवत. अंकुशी, चांदोडी, मल्हारशाही, शंभू पिरखानी अशी कितीतरी रुपयांची नावे आपल्या मोडी कागदांत येतात. प्रत्येकाचे वजन वेगळे, प्रत्येकातली चांदी वेगळी. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत न्यायचा तर बट्टा द्यावा लागे, आणि तो किती हे सराफ ठरवी. सामान्य रयतेला रुपया मोजून भागत नसे, तो पारखून घ्यावा लागे आणि पारख तिच्या हातात नव्हती.

हे मी कुणा परक्याच्या आधाराने सांगत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातल्या नाण्यांवर आणि टाकसाळींवर १८९९ साली निबंध वाचला, त्यात ही सगळी व्यवस्था तिच्या गुणदोषांसह आहे. कर्नाटकात धारवाडच्या बाजूला खासगी टाकसाळींतून हिणकस नाणी निघू लागली, तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात त्या बंद करून एक सरकारी टाकसाळ करावी लागली, हेही त्यात नोंदलेले आहे. पेशव्यांच्या सरकारला हा दोष दिसत होता आणि त्यांनी त्यावर इलाज केला. जुने ते सगळे शुद्ध असे म्हणणारे त्या इलाजाचेही श्रेय त्यांना देत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आणि सुरुवातीची शाळा साताऱ्यात झाली. त्यांनी लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. त्याच्या आरंभी त्यांनी हाच इतिहास मांडला आहे. मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर ठिकठिकाणचे रुपये कसे वेगवेगळे झाले, आणि १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन चांदीचा एक रुपया ठरवेपर्यंत किती खटाटोप करावा लागला, याचा तपशील त्यात आहे. सातारा जिल्ह्याने तरी रुपयाबद्दल बोलताना हे पुस्तक विसरू नये. त्यांनी शुद्धतेचे गोडवे गायले नाहीत. रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहते का आणि ती बिघडवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हे प्रश्न त्यांनी विचारले. आपला रोख तिकडे हवा होता.

आता दुसऱ्या विधानाकडे येतो. १९४० साली इंग्रज सरकारने रुपयातली चांदी कमी केली, हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात जून १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि लोकांचा कागदी नोटेवरचा विश्वास डळमळला. नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला गर्दी झाली, आणि घेतलेले रुपये बाजारात परत येईनात. ते मडक्यांत, हांड्यांत, जमिनीत गेले. तेव्हा सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि त्याच वर्षात आधी पावलीतली, मग अधेलीतली आणि शेवटी रुपयातली चांदी खाली आणली. नव्या रुपयाचे वजन तेच, ११.६६ ग्रॅम. धातू मात्र चार झाले. चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के. शुद्ध चांदी १०.६९ वरून ५.८३ ग्रॅमवर आली. बनावट रुपये पाडणे अवघड व्हावे म्हणून नव्या रुपयाची कडही वेगळी, खाचेची केली. पुढे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले गेले. व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये आणि जॉर्जचे जुने रुपये १९४३ मध्ये. आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला, त्यात चांदीच नव्हती.

हे सगळे मान्य करूनही मी म्हणतो की याला खोट म्हणणे चूक आहे. खोट म्हणजे एक सांगणे आणि दुसरेच देणे. १९४० च्या रुपयातली चांदी निम्मी आहे, हे सरकारने कायद्याने आणि वटहुकमाने जाहीर केले होते. ज्याला वाचता येत होते त्याला ते वाचता येत होते, आणि ज्याला चांदी पारखता येत होती त्याला ते नाणे पारखता येत होते. पुढचाही इतिहास लक्षात घ्या. युद्धात अमेरिकेने हिंदुस्थानला सुमारे साडेबावीस कोटी औंस चांदी उसनी दिली होती. स्वातंत्र्यानंतर ती धातूच्या रूपातच परत करायची होती. १९५० च्या दशकात आपल्या सरकारने ही निम्म्या चांदीची नाणी परत गोळा केली, कलकत्त्याच्या सरकारी शुद्धीकरण कारखान्यात त्यांतली चांदी वेगळी काढली आणि देणे फेडले. ज्या रुपयाला आपण नासका म्हणतो, त्याच्या चांदीने स्वतंत्र देशाचे कर्ज फिटले आहे.

शिवाय हा चार धातूंचा मिश्रधातू काही युद्धाबरोबर संपला नाही. डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ साली भारत सरकारने १२५ रुपयांचे स्मरणनाणे काढले. त्याचे प्रमाण काय होते? चांदी ५०, तांबे ४०, निकेल ५, जस्त ५. नव्या संसद भवनानिमित्त २०२३ साली निघालेल्या ७५ रुपयांच्या नाण्याचेही प्रमाण हेच. दोन्ही नाण्यांची धातूंची टक्केवारी राजपत्रात छापलेली आहे, म्हणून त्यांना कोणी भेसळीची म्हणत नाही. मग १९४० च्या रुपयाला वेगळी मोजपट्टी का?

इथे मला कोणी विचारील की तुम्ही इंग्रजांची वकिली करता का? मुळीच नाही. इंग्रज सरकारने रुपयाच्या बाबतीत रयतेवर मोठा अन्याय केला. तो अन्याय तांब्याच्या टक्क्यात शोधणारे चुकीच्या जागी बोट ठेवतात, आणि त्यामुळे खरा अन्याय झाकला जातो, ही माझी तक्रार आहे.

खरा घाव १८९३ साली बसला. तोपर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत जाऊ शकत होता आणि थोडी मजुरी कापून तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातला तोडा आणि त्याच्या थैलीतला रुपया या दोहोंतल्या चांदीची किंमत एकमेकींना बांधलेली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, ज्या दुष्काळाने माणदेश उद्ध्वस्त केला, त्या काळात दख्खनच्या रयतेने अंगावरची चांदी काढून विकली आणि ती मुंबईच्या टाकसाळीत जाऊन रुपये बनली. भाव पडला, पण किमान एक दार उघडे होते. १८९३ मध्ये सरकारने ते दार लावले. रुपया एक शिलिंग चार पेन्सांना बांधला आणि चांदीला तिच्या नशिबावर सोडले. त्या दशकाच्या अखेरीस रुपयातल्या चांदीची बाजारातली किंमत सुमारे १० पेन्स होती आणि रुपया चालत होता १६ पेन्सांना. नाण्यातली चांदी तीच, ९१.७ टक्के. राणीचे तोंडही तेच. पण शेतसारा भरायचा तो महाग रुपयात, आणि विकायचा तो स्वस्त तोडा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ या स्थितीत आले. दागिना विकून सारा भरणाऱ्या बाईच्या पदरात किती कमी पडले असेल, याचा हिशेब ज्याला करायचा आहे त्याने या आकड्यांवरून करावा.

म्हणून मी म्हणतो, राणीछाप रुपयाला इमानाचे प्रतीक मानणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे पाहावे. रयतेची सर्वांत मोठी लूट झाली ती नाण्यातली चांदी एक गुंजही न बदलता झाली. दुसऱ्या महायुद्धातही खरा चटका निम्म्या चांदीचा नव्हता. इंग्लंडच्या खर्चासाठी इथे नोटा छापल्या गेल्या, १९३९ ते १९४५ या काळात चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या आणि महागाईने गरिबाचे कंबरडे मोडले. धातू शुद्ध म्हणजे व्यवहार शुद्ध, ही समजूत दोन्ही वेळा खोटी ठरली.

तिसरा मुद्दा पारखीचा. या दंतकथेला जोडून काही कसोट्याही सांगितल्या जातात. रुपया दगडावर टाकला आणि खणखणीत वाजला की चांदी. लोहचुंबकाला चिकटला नाही की चांदी. पांढराशुभ्र दिसला की चांदी. या तिन्ही कसोट्यांवर विसंबून कोणी पैसे मोजू नयेत.

आवाजावरून शिशाचे किंवा कथलाचे बनावट नाणे ओळखता येते, कारण ते बद्द वाजते. पण ९२ टक्के आणि ८० टक्के यांतला फरक कानाने कळत नाही. लोहचुंबक लोखंड आणि निकेल ओढतो. तांब्याला तो ओढत नाही, आणि जर्मन सिल्व्हरला तर मुळीच नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त, त्यात चांदीचा कणही नसतो. रंगाचे तर विचारूच नका. तांबे जास्त असलेली चांदी तापवून आम्लात बुडवली की वरच्या थरातले तांबे विरघळते आणि पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध चांदी उरते. म्हणून वरवर कसोटीच्या दगडावर घासले तर कसही चांगला उतरतो. दुकानात यंत्राखाली नाणे ठेवून आकडा दाखवतात, ते यंत्रही धातूचा अगदी वरचा पातळ थरच वाचते. जाड मुलामा दिलेल्या नाण्यावर ते फसू शकते.

घरी करता येण्यासारखी एक कसोटी आहे ती वजनाची आणि पाण्याची. चांदी जड, तांबे तिच्यापेक्षा हलके. न झिजलेला ११.६६ ग्रॅमचा जुना रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात तोलला तर त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. १९४० ते १९४५ च्या निम्म्या चांदीच्या रुपयाचे सुमारे १.२२ ग्रॅमने घटते. जर्मन सिल्व्हरचा बनावट तुकडा त्याहून जास्त घटतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा तराजू असला की हा फरक दिसतो. पण शुद्ध चांदी आणि ९१.७ टक्के यांतला फरक इतका कमी आहे की तो या रीतीने खात्रीने सांगता येत नाही.

तिथे शेवटचा शब्द भट्टीचा आणि आम्लाचा. शिसे घालून हाडांच्या राखेच्या खापरीत चांदी तापवली की तांबे-जस्त शिशाबरोबर जळून राखेत मुरते आणि चांदीचा मणी मागे राहतो. किंवा चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात मिठाचे पाणी सोडले की चांदी दह्यासारखी पांढरी होऊन खाली बसते, तांबे निळ्या पाण्यात वर राहते. आमच्याकडची पोरे दूरदूरच्या शहरांत कोंदट खोल्यांमध्ये या आम्लाचा तांबूस धूर छातीत घेत हेच काम करतात. त्यांच्या हातचे ज्ञान इतके नेमके असताना त्यांच्याच गावात अंदाजाने चांदी विकली जावी, हे योग्य नाही.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ काय, तो आकड्यांत सांगतो. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. राणीछाप किंवा १९३९ पर्यंतचा राजाछाप रुपया न झिजलेला असेल तर त्यातली चांदी १,०६९ रुपयांची. तो शंभर नंबरी समजून घेणारा १,१६६ देतो, म्हणजे ९७ रुपये तांब्याचे देतो. १९४० ते १९४५ चा रुपया जुनाच आहे म्हणून त्याच भावाने घेणारा ५८३ रुपयांच्या चांदीला दुप्पट पैसे मोजतो. उलट बाजूने पाहा. अडचणीत सापडलेली बाई राणीछाप रुपये मोडायला गेली आणि समोरच्याने जुनी चांदी म्हणून वीस टक्के घट धरली, तर तिच्या हातात प्रत्येक रुपयामागे ९३३ येतात. १३६ रुपये जातात. तिला ९१.७ हा आकडा माहीत असता तर ती तिथेच थांबली असती. शुद्धतेची दंतकथा विकत घेणाऱ्याला लुटते आणि अज्ञान विकणाऱ्याला. दोन्ही वेळा नुकसान आपल्याच माणसांचे होते.

दोन खबरदारीच्या गोष्टीही इथेच सांगतो. माळेत ओवायला कडी डाखलेल्या रुपयाचे वजन त्या डाखामुळे वाढते, आणि डाखात हलका धातू जास्त असतो. तो हिशेबात धरावा. आणि साल पाहिल्याशिवाय कोणताही जुना रुपया मुशीत टाकू नये. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, संग्राहक त्याला चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त देतात, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात.

आज हा प्रश्न फक्त जुन्या नाण्यांचा राहिलेला नाही. धनत्रयोदशीला लक्ष्मीची छाप असलेली चांदीची नाणी खपतात. राणीचे तोंड असलेले नवेकोरे रुपयेही देवाला वाहण्यासाठी विकले जातात. त्यांतल्या कितीतरी नाण्यांबरोबर लेखी टंच मिळत नाही, तोंडी शुद्ध चांदी एवढेच मिळते. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीला तो ऐच्छिक ठेवला आहे. सोने घेणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आणि चांदी घेणाऱ्याला विक्रेत्याचा शब्द, ही वाटणी अन्यायाची आहे, कारण खेड्यातला गरीब माणूस आधी चांदीच घेतो. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारचा रुपया आपल्यातली चांदी ग्रेनपर्यंत कायद्यात लिहून देत होता. आजच्या देवघरातल्या नाण्याने तेवढेही करू नये?

माझे म्हणणे एवढेच आहे. चांदीत तांबे असणे हा दोष नाही. किती तांबे आहे हे न सांगणे हा दोष आहे, आणि ते न विचारणे ही आपली चूक आहे. ९१.७ टक्क्यांचा रुपया प्रामाणिक होता, कारण त्याने स्वतःला शंभर नंबरी म्हणवले नव्हते. त्याला ते बिरुद आपण चिकटवले. ५० टक्क्यांचा रुपयाही त्याच अर्थाने प्रामाणिक होता. अप्रामाणिक आहे ते ९९.९ म्हणून विकलेले आणि ८० भरणारे नाणे, मग त्याच्यावर कोणत्याही देवाची छाप असो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरातल्या जुन्या रुपयांची साले वाचा. १९३९ पर्यंतचे वेगळे, १९४० ते १९४५ चे वेगळे आणि १९४७ चे निकेलचे वेगळे काढा. प्रत्येकाचे वजन करा आणि १०.६९ व ५.८३ हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. मोड करताना घट कशाबद्दल धरली ते विचारा. नवी चांदी घेताना पावतीवर वजनाबरोबर टंच लिहून मागा, आणि जो लिहून देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि चांदीलाही सोन्यासारखा सक्तीचा हॉलमार्क लावा, ही मागणी माणदेशातल्या गलाई बांधवांनीच पहिल्यांदा आणि जोराने करावी. चांदीतले खरेखोटे या देशात त्यांच्याइतके कोणाला कळते?